खंडेनवमीनंतर न उठलेलं मशीन

दौंड,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

चि. स्वराज,

अनेक आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. मायाला माझी आठवण सांग. शिरूरला पाऊस उघडला असेल, इकडं कालपासून ऊन पडलंय.

हातात फोन असताना ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोन केला की तू "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो" म्हणतोस, आणि मी बोलायला लागले की माझा तोल जातो. म्हणून लिहून काढते. आपला मच्छिंद्र पिकअप घेऊन मार्केटला आलाय, दुपारी शिरूरला परत निघेल. त्याच्याजवळ हे देते.

तुला ज्याची काळजी आहे ते आधी सांगते. तुझं एडिटिंगचं मशीन चालू झालं. लग्नांचं शूटिंग सगळं शाबूत आहे, एक फाइल गेलेली नाही. जीव भांड्यात पडला असेल तर पुढचं वाच.

काय रे ते मशीन! झाकण उघडलं आणि मला शिसारी आली. पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ, ग्राफिक कार्डाच्या मागं झुरळांची अंडी, आणि तळाशी सुपारीची खांडं. सुपारी आत गेली कशी हे तुझं तुलाच ठाऊक. आण्णांनी उष्ट्या हातानं कधी कॅमेरा धरला नाही, आणि त्यांच्याच स्टुडिओत ही उकिरड्याची कळा. माझ्या रिपेरिंगच्या दुकानातल्या पोरीसमोर हे माझ्या भावाचं मशीन आहे असं सांगायची मला लाज वाटली. सांगितलंच नाही.

तू फोनवर म्हणाला होतास, "काहीच केलं न्हाई, ताई. फकस्त पूजा झाली." माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक असंच म्हणतं. काही केलं नाही, आपोआप बंद पडलं. मी हसते आणि कामाला लागते. सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र मी खरं मानून चालले. म्हणून आधी नारळाचं पाणी शोधत बसले. तूच सुचवलं होतंस ना, "आईनं नारळ लई जवळ फोडला, पानी आत गेलं आसंल"?

मदरबोर्डचा कोपरान् कोपरा टॉर्च लावून बघितला. नारळाचं पाणी सुकलं तरी चिकट राहतं, ते लपत नाही. आत कुठं डाग नाही, गंज नाही. बाहेरच्या झाकणावर हळदी-कुंकवाची बोटं, आणि आत अक्षतेचा एक दाणा, कोरडा ठणठणीत. बटण दाबलं की पंखे फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे, आणि मॉनिटर काळाच. रॅम काढून खोडरबरनं घासली, जागा बदलून लावली. दुसरा पॉवर सप्लाय जोडून बघितला. काही फरक नाही. शेवटी बोर्डावरचा सेल काढून ठेवला, चहा पिऊन आले, परत बसवला आणि बटण दाबलं. उठलं की मशीन!

सेल काढला की मशीन केलेली सेटिंगं विसरतं आणि कंपनीतून आलं तसं होतं. म्हणजे त्याचं काही जळलं नव्हतं, भिजलं नव्हतं. कुणीतरी सेटिंगं बिघडवली होती. ती कुणी, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. नाव देऊन जतन केलेली प्रत सेल काढला तरी पुसत नाही; तुझी तशीच होती, वर नाव 'स्वराज फायनल'. प्रोसेसर, रॅम, सगळं कंपनीनं सांगितलेल्या वेगाच्या पुढं ताणलेलं आणि वर व्होल्टेज चढवलेलं. ओव्हरक्लॉकिंग. यूट्यूबवरच्या कुणा शहाण्यानं सांगितलं असेल, फुकटात मशीन पळवा. गरम होतं तोवर ते त्या ताणावर चाललं. खंडेनवमीला तू पूजेसाठी बंद केलंस, ते रातभर थंड झालं, आणि दसऱ्याला सकाळी त्याला उठता आलं नाही.

तरी मायाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "पूजेच्या आदल्या दिशी दुपारभर त्येच चाललं हुतं त्यांचं. मला म्हनले, बघ आता लगीन कसं फटाफट एडिट हुतंय."

ह्यात मला राग येण्यासारखं काही नाही. लग्नसराई तोंडावर, मशीन हळू, माणूस उचापत करतोच. माझ्याकडं अशी मशीनं नेहमी येतात. फक्त एवढंच असतं तर मी खोक्यावर 'पुन्हा करू नकोस' असं लिहून पाठवलं असतं.

बघ, मी अजून मशीनवरच लिहिते आहे. आईचं लिहायला घेतलं की हात चालत नाही.

परवा मी राहूला मामांकडं गेले होते. आई चार दिवस माहेरपणाला गेलीय, असं तू सगळ्यांना सांगतोस. माहेरपण! तिनं सोबत किती लुगडी नेलीत ते तरी बघितलंस का? ती सगळंच घेऊन गेली आहे.

यंदा पूजा आईनं करावी हा हट्ट माझा होता. पुढच्या वर्षी परत धरीन. ज्या स्टुडिओत तिनं आण्णांच्या बरोबरीनं उभं राहून पासपोर्टचे फोटो कापले, पाकिटात भरले, त्याच स्टुडिओच्या पूजेला ती आण्णा गेल्यापासून दाराआड उभी राहायची. शेवंताआत्या तेव्हाच म्हणाली होती, "घरात सवाशीन हाय, मायाच्या हातनं करा." तू तिचं ऐकलं नाहीस आणि ताट आईच्या हातात दिलंस. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. मशीनला कुंकू लावल्यावर तिनं बोट पदराला पुसलं आणि माझ्याकडं बघून हसली. आण्णांच्या माघारी ती तशी हसलेली मी पहिल्यांदा बघितली. संध्याकाळच्या एसटीनं मी दौंडला आले, ते तिचं हसू डोळ्यांपुढं घेऊनच.

दसऱ्याला सकाळी काय झालं ते मला मायाकडून कळलं. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "पांढऱ्या कपाळाचा हात लागला, दुसरं काय हुनार!" आत्या तसलीच आहे. तिच्यावर मी शाई नासवत नाही.

तू काय म्हणालास? "जाऊ दे, आई. झालं ते झालं. मनाला लावून घिऊ नको."

तू तिला माफ केलंस, स्वराज! दुपारभर बसून स्वतःच्या हातानं जे करून ठेवलंस, त्याची माफी तू आईला दिलीस. आणि माझं लेकरू किती समजूतदार म्हणून ती माउली तुझ्यापुढं रडली. तुला गप्प राहता आलं असतं, तेही वाईटच होतं, पण तू त्याच्याही खाली गेलास. माया हे सांगत होती तेव्हा मी जेवत होते. तोंडातला घास मला गिळवला नाही, बाहेर जाऊन थुंकून आले. तुझ्या मशीनमधली झुरळांची अंडी मी बोटांनी खरवडून काढली, तेव्हासुद्धा एवढी किळस आली नव्हती.

मामांचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं होतं. सर्जेरावमामांनी रस आटवायच्या चुलवणाला नारळ फोडायला सगळ्या घराला बोलावलं, आई तेवढी घरात बसून राहिली. मी आत गेले तर दिवेलागण होऊन गेलेली, आणि ती अंधारात. म्हटलं, दिवा का नाही लावला? म्हणाली, "गिताबाई आली की लावंल." मामीची वाट बघत बसली होती ती, बटणासाठी. मी विचारलं, तुझ्या हाताला काय झालंय? तर म्हणते, "नगं बाई. दुसऱ्याचं घर हाय. आपल्यामुळं त्यांचं कायतरी बंद पडायचं."

मी तिथंच बसून तिला सगळं सांगितलं. सेटिंग म्हणजे काय, तू काय ताणलंस, सेल काढल्यावर मशीन कसं उठलं. तिनं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला आणि मध्येच मागं घेतला. मग म्हणाली, "तू लेक हायस. मला बरं वाटावं म्हनून काय बी सांगशील. स्वराजनं केलं आसतं तर त्यो बोलला नसता का? माझं पोर खोटं न्हाई बोलत."

आता कळलं मी का लिहिते आहे? माझं खरं तिच्या कामाचं नाही. तिला तुझंच तोंड पाहिजे.

मच्छिंद्रच्या गाडीत मशीन शोधू नकोस. सकाळी मी ते राहूला पाठवलंय. स्वराज स्वतः आल्याशिवाय खोक्याला कुणी हात लावायचा नाही, असं मामांना बजावलंय. तुझी लग्नं तोवर खोळंबली तर खोळंबू देत. आत्याला गाडीत घालून घेऊन जा, कारण जे झालं ते तिच्यादेखत झालं. आईसमोर बस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की हे मी केलं, पूजेच्या आदल्या दिवशी केलं, आणि मला ते माहीत होतं. "चुकून झालं" म्हणू नकोस. रडूही नकोस, नाहीतर ती तुलाच समजवत बसेल. मग वायरी जोड आणि बाजूला हो. बटण आईला दाबू दे. ती नको नको म्हणेल. तू दाबायचं नाहीस. मशीन उठेल, मी पुन्हा पुन्हा बघून ठेवलंय.

भाऊबीजेला मला न्यायला येऊ नकोस, मी राहूलाच जाणार आहे. दिवेलागणीला आईनं स्वतः उठून घरातला दिवा लावला, तर तिच्याशेजारी पाट मांडून तुला ओवाळीन. नाही लावला, तर तू माझ्यापुढं बसूच नकोस.

पत्राच्या शेवटी मी नेहमी 'तुझी ताई' लिहिते. आज ते लिहवत नाही.

सुलक्षणा