पंचवीस पावलं

अण्णा, तुमच्या शेवटच्या वयाहून मी आता मोठी आहे, तेव्हा आढेवेढे न घेता लिहिते. बाण किती लांब जातो, असं कोणी विचारलं की तुम्हाला राग यायचा. लांबचं काय विचारता, जनावर जागीच पडेल का ते विचारा, असं तुम्ही सुनावायचात. गावी ते अंतर तुम्हाला बांधांवरून, झाडांवरून कळे. बहारीनच्या सपाट, उघड्या जमिनीवर मध्ये काहीच नाही, त्यामुळे लांबचंही जवळ दिसायचं. एकोणऐंशीत मी बी.एस्सी. होऊन तिथल्या हूरा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत राहायला आले. मग दर शुक्रवारी तुम्ही मला माळावर नेऊन रिकामी पिंपं मांडायचात. मी अंदाज सांगायचा, मग पावलं मोजायची. दोन-तीन महिन्यांत माझा अंदाज पावलाभरानेही चुकेना. तीस पावलांवरून तुमचे दहाच्या दहा बाण भुशाच्या पोत्यावर थाळीएवढ्या जागेत बसायचे. शिकारीला त्यातली पाच तुम्ही कमी करायचात, कारण पोतं हलत नाही, ससा हलतो.

त्या शुक्रवारी आपण अरबाबच्या, म्हणजे तुमच्या वर्कशॉपच्या मालकाच्या, खजुराच्या बागेत आहोत. ससे त्याचा लसूणघास खातात म्हणून त्याने बोलावलंय. वर्कशॉपमधले दोघं मजा बघायला आलेत. कुंपणापलीकडे ससा बसलाय. तुम्ही तिरकमठा उचलता, खाली घेता. पुन्हा उचलता, पुन्हा खाली. मागून एक जण म्हणतो, "उस्ताद, खरगोश बुढ़ापे से मर जाएगा." अरबाबही हसतो, यल्ला, आटप लवकर, म्हणतो. तुमच्या मानेवर घाम आलाय. वळून न बघता तुम्ही पुटपुटता, "किती?"

"पंचवीस," मी म्हणाले.

बाण मागच्या मांडीत लागला. ससा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तो फरफटत झुडपांत गेला. खलास, राहू दे, म्हणत अरबाब परतला, ते दोघंही गेले. तुम्ही वाकून रक्ताचे थेंब शोधत चालत राहिलात आणि मी मागे. उन्हं उतरल्यावर तो सापडला. पोट लोहाराच्या भात्यासारखं हलत होतं. तुम्ही हातानेच त्याचा जीव सोडवलात. परतताना ससा बसला होता तिथपासून बाण सोडल्या जागेपर्यंतचं अंतर तुम्ही पावलांनी मोजलंत. अडतीस भरलं. मी थप्पड खायच्या तयारीने उभी होते. तुम्ही म्हणालात, "तुझी चूक नाही. दुसऱ्याला विचारून मारावं लागतं, त्याची नजर गेली म्हणायची."

आईने रस्सा केला. टाकणं तुम्हाला पटेना, म्हणून मान वर न करता जेवलात. मग दोरी उतरवून तिरकमठा कपाटावर ठेवलात तो कायमचा. पुढे गावीही कोणी शिकारीला बोलावलं की सांगायचात, आता मला अंतर कळत नाही.

तुमची नजर शाबूत होती, अण्णा. दोनदा हात खाली आला तो उगीच नाही. माझा अंदाजही चुकला नव्हता. पस्तिसाच्या पुढे आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण त्या हसणाऱ्यांसमोर तुम्ही बाण न सोडता परत फिरलेलं मला बघवलं नसतं. त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही होतात, आणि मी जेवायला तुमच्या समोरच बसत असे. आता हे पाठवायला पत्ता नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे तुम्ही असता, तर मी हे लिहिलंच नसतं.