वायपरच्या नळीवरचं बोट

अकोला, जानेवारी १९६१, रविवार

अजून हसू येतंय, म्हणून लिहून ठेवते.

बाळापूरहून अमरावतीला परतताना अकोल्यात माझ्या ताईच्या दारात थांबलो. यांची नेहमीची वकिली युक्ती म्हणजे इंजिन बंदच करायचं नाही. "ताई, गाडी चालू आहे, निघतो," म्हटलं की जेवणाचा आग्रह टळतो. पण हल्ली गाडी उभी राहिली की इंजिन गचके खाऊन बंद पडतं. आज ऐन दारात पडलं!

यांनी बॉनेट उघडलं, प्लग पुसले, कार्बोरेटर साफ केला. तरी गचके. मला मात्र बारीक सूं सूं ऐकू येत होतं. आमच्या गाडीचा वायपर इंजिनाच्या ओढीवरच चालतो; त्याच्याकडे जाणारी रबरी नळी चिरली होती आणि इंजिन तिथून हवा ओढत होतं. हे गाडीत बसून स्टार्टर मारत होते, तेवढ्यात मी चिरेवर बोट ठेवलं. इंजिन एका सुरात! गाडीतून "वा!" आलं. बोट काढलं, की गचके.

सांगावं का? सांगितलं तर लगेच निघावं लागेल. बोट पदराला पुसलं.

"भाऊजी, गाडीले काय पाहून राहिले? रोडगे थंडे होऊन राहिले!" ताई घरातून ओरडली.

हे पोटभर जेवले, वांग्याची भाजी मागून घेतली. मग मी नळीवर बोट ठेवून दाखवलं. चिंधी गुंडाळली, इंजिन झकास चालू राहिलं. मी पिशवी उचलली.

यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"ताई, उरलेले रोडगे सकाळी गूळ-तुपात कुस्करून छान लागतात, नाही?"