गिनती पुरी

५ जानेवारी, अमरावती

इतिहास माझ्याच गळ्यात! विद्यापीठातल्या आमच्या श्रमसेवा पथकाला यंदा पन्नास वर्षं होतात, स्मरणिका निघणार, आणि पथकात इतिहास घेऊन एम.ए. करणारी मी एकटी. यशोधन सर म्हणाले, "चारुता, तूच लिही. हसतं-खेळतं लिही!" सर पथकाचे नवे प्रमुख आहेत. उत्साह नुसता उतू चाललाय.

सुरुवात साखळीपासून करावी म्हणते. शिबिरात संध्याकाळच्या हजेरीला आमच्याकडे "हजर" म्हणायचं नसतं. गोलात उभं राहायचं, डावीकडच्याचं मनगट धरायचं आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आपलं नाव आपणच घेतलं तर पुन्हा पहिल्यापासून. जागाही ठरलेल्या. माझ्या डावीकडे कायम अनीसा, माझी रूममेट.

हे असं का? कुणालाच माहीत नाही.

७ जानेवारी

जुन्या मंडळींना फोन. एक म्हणाले, थंडीत हात गरम राहायचे. ललिताताई म्हणाल्या, जातपात विसरावी म्हणून. तिसरे म्हणाले, "आमी आलो तवा होतीच. काहून, ते नाई विचारलं."

पण साखळी फोटोत पहिल्यांदा दिसते त्या चौऱ्याऐंशीच्या शिबिराचं विचारलं की सगळे घाईत! एकाच्या दारात पाहुणे, एकीचा कुकर. त्याआधीच्या फोटोंत साखळी नाही, लोक सरळ रांगेत उभे आहेत.

८ जानेवारी

अकोल्याचे वसंतराव वकील त्या शिबिरात होते. फोनवर त्यांना साखळीचं विचारलं. त्यांनीच उलट विचारलं, "यंदा शिबिर कुठं हाये तुमचं?"

सांगितलं — चांदूर रेल्वेच्या पुढे, पथकानंच बांधलेल्या जुन्या बंधाऱ्यावर. गाळ काढायला.

"तिथं काहून जाऊन राहिले तुमी?"

आणि फोन ठेवला.

१० जानेवारी, शिबिर

बंधाऱ्यात अजून बरंच पाणी आहे. हिरवं, हलतही नाही.

सरांनी साखळी बंद केली! आता ॲप. मोबाईल शिबिराच्या हद्दीत असला की हजेरी आपोआप. "रोजचा अर्धा तास वाचला," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. अनीसा म्हणते, "अच्छा हुआ. तुहा हात म्हंजे कुल्फी हाये!" वरूडची आहे, वडिलांचा संत्र्यांचा धंदा, शिबिराला पेटीच घेऊन आलीय. खोलीभर सालींचा वास.

काम संपलं की फावडी-घमेली पाण्यावर धुवून आणायची, हे काम तिनं मागून घेतलं. एकटीच जाते. दिवसभरात तेवढीच शांतता मिळते म्हणे.

११ जानेवारी

तिला हाक मारायला काठावर गेले. गुडघाभर गाळात उभी राहून मजेत गाणं म्हणत होती. पाय निघेना. मी हात देऊन ओढली तेव्हा कुठे सुटली, चप्पल आतच राहिली. दोघी पोट धरून हसलो.

रात्री जेवताना आठवलं तेव्हा हसू आलं नाही.

१२ जानेवारी

वसंतरावांचाच फोन! "उद्या ये. फोनवर नाई सांगत. परवा ऑपरेशनले नागपूरले जाऊन राहिलो."

सर म्हणतात, "इतिहास नंतर, आधी गाळ." आणि इतिहास लिही म्हणणारे हेच!

अनीसा म्हणाली, "जा ना बे. मोबाईल मायाजवळ ठेव. तू हजर!"

१३ जानेवारी, अकोला स्टेशन

गाडी उशिरा आहे. तोवर लिहून काढते.

देवीदास वसंतरावांचा जिगरी दोस्त होता, बडनेऱ्याचा. चौऱ्याऐंशीत संध्याकाळी फावडी धुवायला याच बंधाऱ्यावर गेला. इकडे हजेरी सुरू झाली. त्याचं नाव पुकारलं. "मी बोललो — हजर. त्याच्या आवाजात. कालेजात रोजच करो आमी एकमेकाचं. वाटलं, येईलच आता."

मी विचारलं, मग?

"मंग काय? गिनती पुरी होती. गिनती पुरी असली का कोणी शोधत नाई, पोरी."

सकाळी सापडला, थंडीनं गारठून मेलेला. गाळात, कमरेपर्यंत रुतलेला, काठापासून हाताच्या अंतरावर. कुंदाताई तेव्हा प्रमुख होत्या. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. त्या संध्याकाळी सगळ्यांना गोल उभं केलं, मनगटं धरायला लावली आणि म्हणाल्या, यापुढे आपलं नाव आपण घ्यायचं नाही. हात हातात असेल त्याचंच घ्यायचं. एवढंच. का, ते कुणी पुढच्यांना सांगितलं नाही. वसंतरावांना वाचवायला गप्प बसले, आणि बसलेच.

मी ॲपचं सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं, सोडेचनात. बायकोनं चहा आणला तरी सोडलं नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी या क्षणी शिबिरात हजर आहे!

त्यांच्या फोनवरून माझाच नंबर लावला. अनीसाचा पाठ नाही. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. काम आटोपायची वेळ झाली होती.

कामात असेल. संत्रं खात असेल. मी भित्रीच आहे.

१३ जानेवारी, रात्र, शिबिर

पोचले तर सर मोबाईल नाचवत म्हणाले, "सगळे हजर! बघ, तूसुद्धा." माझा आणि अनीसाचा मोबाईल एकाच बोर्डावर, शेजारी शेजारी, चार्जिंगला.

मी किंचाळले, साखळी करा! कुरकुरत केली. उजवीकडच्या पिंटूनं माझं मनगट धरलं, म्हणाला, "चारुता." मी डावा हात पुढे केला. धरायला कुणी नव्हतं.

आता सगळे बॅटऱ्या घेऊन बंधाऱ्यावर गेलेत. मला सरांनी इथेच बसवलंय. त्यांचा मोबाईल इथेच राहिलाय, मधूनमधून उजळतो. ॲपवर अजून गिनती पुरी आहे.