आला की निघाला

१२ जून, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींना म्हणावं, पथ्य नुसतं बायकोला सांगायचं नसतं, स्वतःही पाळायचं असतं.

इकडे ठीक. कामावर एक जुना मूकपट आलाय, प्रेमकथा. एवढी एकच प्रत उरलीय म्हणे. संवादाच्या पाट्या गेल्या, रिळांवरचे आकडे पुसले. कुठलं रीळ आधी, कुठलं नंतर, हे बघून ठरवायचं आणि जोडायचं, हे माझं काम. त्या नटीने मला पार वेड लावलंय गं! ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही, तरी मी मान डोलावत बसते. डबासुद्धा मी तिच्यासमोरच खाते.

एका रिळात नायक बॅग घेऊन दारात उभा आहे आणि ती नुसती बघतेय. मी ते शेवटी जोडलं. निघालाय बिचारा! साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, बुटांचा चिखल बघा! घरातून निघणाऱ्याच्या बुटांना चिखल कुठून लागेल? परत आलाय तो!"

इतकी वर्षं हेच काम करतेय, आणि मला चिखल दिसू नये?

बरं, फोनवर तू दोनदा विचारलंस आणि मी विषय बदलला. दोन खोल्यांच्या घरात काय बोलणार? हो, हे आलेत. वर्षापूर्वी भांडून गेलेले, गेल्या आठवड्यात दारात उभे. जेवतात, नळ दुरुस्त करतात, मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरतात. पण बॅग अजून दाराशीच, चेन लावलेली. राहायला आलेत की उरलेलं सामान न्यायला? विचारलं आणि "निघतोय" म्हणाले तर? एरवी माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, आता दातखीळ बसलीय. संतापही येतो त्यांचा, आणि बॅग जरा हललेली दिसली की हे घरात आहेत ना, ते आधी बघून येते. मला नक्की काय हवंय, देवाशपथ कळत नव्हतं.

आज सकाळी त्यांचे बूट पाहिले. चक्क पॉलिश केलेले, चिखलाचा ठिपकाही नाही, शेजारी धुतलेले मोजे. निघणाऱ्याचेच बूट!

शहाण्या बाईने विचारलं असतं. मी बूट पिशवीत घातले आणि कामावर घेऊन आले! आत्ता टेबलाखाली आहेत.

आता संध्याकाळी मी दारात उभी असेन, हातात त्यांचे बूट. ती नटी नुसती बघून सुटली. मला "राहा" म्हणावं लागेल, तेही ऐकू जाईल असं.

तुझी,
अजून धीर गोळा करणारी
धाकटी