पाण्यात निघालेलं तांबं

ता. १७, रविवार

ताई,

म्हणजे पुन्हा तेच! ‘आमचा धाकटा दारूच्या धंद्यात आहे’ असं भाऊजींनाही सांगून मोकळी झालीस. अगं, मी वाईन पीत नाही, विकत नाही. ती जिथे तपासतात त्या लॅबमध्ये बाटल्या धुतो. वाईनमध्ये शिसं, तांबं किती ते इथलं मशीन सांगतं. विहिरीत चिमूटभर काही पडलं तरी त्याला कळतं. म्हणून धातूचा कणही राहू नये यासाठी बाटल्या आधी पातळ अॅसिडच्या टबात बुडवून ठेवायच्या.

तुझी पाठ कशी आहे? छोटीला दात आले का?

‘तुझं बूड कुठे टेकत नाही’ हे मात्र खरं लिहिलंस. त्याचंच सांगायचंय.

निघताना तू माझ्या बोटात तांब्याची अंगठी घातलीस, डोकं थंड राहील म्हणालीस. इथे हातात धातू चालत नाही. तुझं मन मोडवेना, म्हणून मी ती हातमोज्याखाली लपवायचो. मशीनला आधी धुतलेल्या बाटलीतलं नुसतं पाणी देतात, त्यात शून्य यायला हवं. सोमवारी तांबं आलं. आठवड्याचं काम वाया गेलं. मी हातमोजा काढला तर बोटाशी फाटलेला, आणि अंगठी नव्यासारखी चकचकीत. टबातल्या अॅसिडनं घासली होती.

मी गप्प बसलो. माझ्यासोबत धुणाऱ्या मावशीवर आळ आला. एकोणीस वर्षं ती दारातच बांगड्या काढून डब्यात ठेवते. लॅबच्या मॅडम तिला म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका.

मंगळवारी सकाळी पिशवी भरली, स्टँडवर जाऊन तुझ्या गावचं तिकीट काढलं. बस लागली. मग वाटलं, तू दारातच विचारशील, आता काय झालं? मी म्हणणार, मालक वाईट होता. ताई, आधीच्या चार वेळाही हेच सांगितलं. मालक वाईट नव्हते गं. एकही नव्हता.

परत गेलो, मॅडमच्या टेबलावर अंगठी ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, “आधी मावशींना घेऊन ये.”

मावशी आली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तिनं बांगड्या काढल्या, डबा माझ्यापुढे धरला. “टाक तुझीपण यात. बांगड्यांना सोबत होईल.”

आता कामाच्या वेळी अंगठी तिथेच असते. सुटलो की घालतो. डोकं ठीक आहे.

तुझा,
या वेळी न पळालेला

ता. क. ती बस माझी सीट रिकामी घेऊनच तुझ्याकडे आली. तिकिटाचे सहाशे गेले. म्हणून या महिन्याला नेहमीचे पाच हजार नाहीत, चार हजार चारशे पाठवतोय.