सुटलेलं छत

झरी, जि. परभणी
१२ एप्रिल १९४६

प्रिय छबूचे बापू,

प्रिय असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, हसू नका. छबू बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पोरीचं नाक तुमच्यासारखं फेंदारलेलं आहे, त्याला आता इलाज नाही. माझी अक्षरं वाकडी आली तर दोष तुमचा. खाणीवरच्या खोलीत भिंतीवर कोळशानं गिरवून तुम्हीच शिकवलीत.

मला इथं करमत नाही. खळ्यावर बाया जमतात आणि खाणीत कसं असतं ते विचारतात. मी म्हणते, अंधार असतो. तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. चतुराबाईला वाटतं, विहिरीत उतरल्यासारखं असेल. विहिरीतून वर बघितलं की आभाळ तरी दिसतं. तिथं वर दगड, त्याच्यावर दगड, आणि त्याच्यावर कुणाचं तरी शेत. लय उकडायचं, पायाखाली चिखल, सुरुंगाचा धूर घशात बसलेला. तुम्ही कोळसा फोडायचा, मी टोपलीनं रुळावरच्या डब्यात भरायचा. पाठ ताठ करायला जागा नव्हती. तरी आत असताना मला कधी भीती वाटली नाही. आता इथं उन्हात बसून वाटायलीय.

छताचं मात्र मी बायांना सांगितलं नाही. लोखंडी सब्बल वर मारली की पक्कं छत खणखणतं, सुटलेलं भद्द वाजतं. सुटलेल्याखाली क्षणभर थांबायचं नसतं. दोन वर्षांमागं तुमच्याजवळ सुरुंग उडाला, तेव्हापासून सब्बल तुम्ही मारायची आणि ऐकायचं मी. भद्द वाजलं की मी तुमचा सदरा ओढायची. लोक म्हणायचे, ही बाई नवऱ्याला घटकाभर सोडत नाही. मी म्हणू दिलं.

मग सरकारनं बायकांना खाली उतरायची बंदी केली. मी झरीला निघाले तेव्हा तुम्ही छबूची शपथ घेतलीत, की मुकादमाला सांगून वरचं काम मागून घेतो. त्या शपथेवर मी गाडीत बसले.

परवा तुमच्या टोळीतला पंडित सुट्टीवर आला. खळ्यावर सगळ्यांसमोर हसत सांगायला लागला, "काकू, काका लय गुर्मीत आलेत. छत सुटलं म्हणून आमी चौघं वरडलो, तरी मागं वळून बघितलं न्हाई. शेवटी मीच ओढलं बगा." सगळी हसली. मी पाणी आणते म्हणून उठले आणि घरात जाऊन बसले.

तुम्हाला लाज वाटते, ठाऊक आहे. वीस वर्षं कोळसा फोडलेला माणूस वर बायकांत बसून कोळशातले दगड निवडणार. निवडा. खाली उतरायच्या आधी मीबी निवडलेत, त्यानं माझं काही कमी झालं नाही.

पंडित उद्या परत निघतोय. त्याच्याजवळ दोन चिठ्ठ्या देतेय. एक मुकादम व्यंकटरावांना, त्यात तुमच्या कानांचं सगळं लिहिलंय. ती आधी द्यायची आणि ही मागून, असं पंडितला बजावलंय. म्हणजे तुम्ही हे वाचाल तोवर तुमचं खाली जाणं बंद झालेलं असेल. मी तुम्हाला विचारलं नाही, विचारणारही नव्हते. राग आला तर झरीला या आणि वरडा. अख्ख्या गावादेखत वरडा. मला ऐकू येतं.

तुमचीच,
सारजा