बेबीताईच्या आंब्याचं खरं वय

मु. लोहारा, यवतमाळ
बुधवार, आंबे उतरवायचे दिवस

तीर्थस्वरूप बेबीताईस,

धाकट्या वामनचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सर्व सुखरूप असून तुझ्या गुडघ्यांची, भाऊजींच्या दम्याची आणि नव्या कालवडीची खुशाली कळवावी. (एवढं शुद्ध लिहितांनाच मले दम लागला. पुढचं आपल्या बोलीत लिहितो.)

फोन काहून नाही केला असं तू इचारशील. फोनवर तू मंधात बोलते. आणि आजचा विषय असा हाये का तू मंधात बोलली तं मी भिऊन फोन ठेवून देईन. म्हणून पत्र. झरी जामणीच्या तुझ्या गावात पोस्टमन आठवड्यातून एकदाच येते, पण शनिवारपर्यंत पोचंल असा हिशेब करून टाकून राह्यलो.

आपल्या वावराजवळचा रस्ता रुंद होऊन राह्यला. जमिनीचा भाव ठरला, बरा ठरला. भानगड झाली ते तुझ्या आंब्याची. तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर हाये न धुरा पुरा रस्त्यात चालला. तुले ठाऊकच हाये (तरी सांगतो, मले सांगायले आवडते), तू जन्मली त्या दिवशी बाबानं तुझी नाळ तिथं पुरली न वरतून कोय लावली. मी जन्मलो तं कडूनिंब लावला. माझा अंदाज त्याले तेव्हाच आलता. निंब रस्त्याच्या बाहेर हाये, त्याले कोणी हात लावून नाही राह्यलं.

झाडाची किंमत ठरवाले सरकारकडून स्पृहा मॅडम आल्या. वय असंल सव्वीस-सत्तावीस, गळ्यात फीत, हातात कागद. त्या बुंधा मोजत होत्या न मी मांगं मांगं फिरून इचारत होतो. माकडं खातात ते आंबे मोजता का? वादळात पडलेल्या कैऱ्यायचं काय? सावलीचे किती? मॅडम हासल्या, म्हणे काका, सावलीचा रकाना नाही. मले याचं लय नवल वाटलं. निंदणाच्या दिवसात दहा-बारा बाया तिथं बसून भाकर खातात, न कागदात ते सावली नाहीच!

मंग मॅडमनं वयाचा अंदाज सांगतला, पासष्ट ते सत्तर. इथं माझं डोकं फिरलं. मले वाटलं, जुनं ते सोनं, झाड जितकं म्हातारं तितका भाव जास्त, आणि हे पोरगी सरकारच्या बाजूनं वय कमी करून राह्यली. मी म्हणलं, नाही मॅडम, अठ्ठ्याहत्तर, हा आंबा न माझी बहीण एकाच दिवशीची. पुरावा? मी तरातरा घरी गेलो, पेटीतून तुझ्या आधारकार्डाची झेरॉक्स काढली न त्यायच्या हातात ठेवली. त्यायनं दोनदा इचारलं, काका, नक्की लिहू का, विचार करून सांगा. मी कायचा विचार करतो? पंचनाम्यावर पुऱ्या नावानं सही ठोकली, खाली तारीखही टाकली.

आता त्या आधारकार्डाची गंमत तुले आठवते ना? शिबिरात तू पंचावन्नची बाई बसली होती, मशीनवाल्यानं जन्मसाल इचारलं, न मी मंधातच बोललो, सत्तेचाळीस. अर्ध्या तिकिटाले पासष्ट लागत होते, आणि देश स्वतंत्र झाला ते साल ध्यानात ठेवाले सोपं. तू एका झटक्यात दहा वर्षांनी मोठी झाली. तीन वर्षांपासून तं पुरी एसटी फुकट. तेव्हापासून तू जेवढा जिल्हा पाह्यला तेवढा कलेक्टरनंही पाह्यला नसंल. (वणीच्या त्या तेरवीले गेलती, तं वारला कोण हे तू परत आल्यावर इचारलं होतं. मी कोणाले सांगतलं नाही.)

पंधरा दिवसांनी कागद आला. जमिनीचे बरोबर, आंब्याचे अकरा हजार. मी मॅडमले फोन केला तं कळलं का त्यायच्या नियमात गावरानी आंबा पंच्याहत्तरपर्यंत फळाचा, त्याच्यापुढं नुसतं सरपण. खरे अडुसष्ट लिहिले असते तं सात वर्षांचं फळ धरून लाखाच्या जवळ गेले असते. मीच माझ्या हातानं तुझ्या आंब्याले चुलीत घातलं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. (दुपारी. संध्याकाळी जेवलो.)

मंग हरकतीचा अर्ज टाकला न काल मंगळवारी भूसंपादनाच्या साहेबासमोर सुनावणीले गेलतो. साहेब भला माणूस. म्हणे, काका, तुमचं झाड पंधरा दिवसांत दहा वर्षांनी लहान झालं, आम्हालेही औषध सांगा. मी खरं खरं सांगून टाकलं. बाजूच्या बाबूनं तोड काढली, म्हणे तुमचं अडुसष्ट, कागदाचं अठ्ठ्याहत्तर, न तुमचं न आमचं, त्र्याहत्तर करा न मोकळे व्हा. वांग्याचा भाव करावा तसा वयाचा भाव करून राह्यला होता. त्र्याहत्तरमध्ये दोन वर्षांचं फळ मिळत होतं, मन जरा हललं माझं, खोटं कायले बोलू. पण मी म्हणलं, "साहेब, माझी बहीण आधीच दोनदा जन्मली. तिसऱ्यांदा कशी जन्मवू?"

साहेब हासले, पण पुरावा मागितला. मॅडमही तिथं आल्या होत्या, मी त्यायले इचारलं, झाडाचं खरं वय कळाचा काही उपाय असंल ना? त्या म्हणाल्या हाये, कापलं का आतली वलयं मोजता येतात. मले हे लय इचित्र वाटलं. पैसे कापाच्या आधी ठरवाचे, न वय कापल्यावर कळते! तेवढ्यात साहेब म्हणाले, झाड बोलत नाही, पण बहीण तं हाये ना.

बाकी सारं ठीक. तुझी भावजय नमस्कार सांगते, लोणच्याची बरणी भरून ठेवली हाये. लहानांले आशीर्वाद, कालवडीले गुळाचा खडा.

तुझा,
वामन

ता. क. येत्या सोमवारी बारा वाजता सुनावणी हाये. तुले या लागते. शाळेतून तुझा चौथीचा दाखला मी काढून ठेवला, त्यात सत्तावन्न साल हाये. तू फक्त साहेबासमोर म्हणाचं का मी अडुसष्टची. मंग आधारकार्ड दुरुस्त करा लागंल असं साहेब म्हणाले. म्हणजे तुझी फुकटची एसटी गेली. एवढं एक सांगासाठी मी इतकी पानं भरली, बाई. आयुष्यभर तू भाऊजीले इचारल्याशिवाय पाटापर्यंत गेली नाही, न आता कुठं पिशवी उचलून निघते. मले मनापासून वाईट वाटून राह्यलं.

ता. क. दुसरा. आंब्याचे पैसे तुझे. मी अगोदर निम्मे म्हणणार होतो, तुझ्या भावजयनं माझ्याकडं पाह्यलं, मंग मी पुरे लिहिले. आणि हे पाह्य, सरकार सात वर्षांचं फळ देते, न तुले खरे पंच्याहत्तर व्हाले सातच वर्षं उरले. बायांले अर्धं तिकीट हायेच. तोपर्यंत आंबा तिकीट काढंल, मंग एसटी पुन्हा फुकट. जिथं जायाचं तिथं जाय, तेरवीलेही जाय.

ता. क. तिसरा. सोमवारी येतांना तिकीट काढू नको. कार्ड दाखवून ऐटीत ये. सुनावणी बारा वाजता हाये, तोपर्यंत तू अठ्ठ्याहत्तरचीच.